मूळ कागद हाती नसेल तेव्हा: दुय्यम पुरावा कोर्टापुढं कसा आणायचा

झेरॉक्स कोर्टात चालते का, हा प्रश्न आमच्या टेबलापुढं रोज कुणी ना कुणी टाकतोच. चालते. पण एकटी चालत नाही. मूळ कागद कुठं आहे आणि तुम्हाला तो का आणता येत नाही, हे आधी पुराव्यानं दाखवायचं, मग झेरॉक्स पुढं करायची. हा क्रम उलटा झाला की समोरचा वकील उठून हरकत घेतो, आणि वर्षानुवर्षं प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला कागद फायलीत नुसता पडून राहतो.

मी वकील नाही. अंबाजोगाईला एका दिवाणी वकिलांकडं कारकून आहे. खेड्यातली जुनी माणसं अजून मुन्शी म्हणतात. सल्ला वकिलाचाच घ्या. पण त्यांच्याकडं जाताना सोबत काय न्यायचं, घरी आधी काय शोधायचं आणि कुठल्या खिडकीत कसला अर्ज द्यायचा, हे मी सांगू शकतो. अर्धं काम तिथंच होतं किंवा बिघडतं.

कायद्याचं थोडक्यात. मूळ दस्तच न्यायाधीशांपुढं ठेवला तर तो प्राथमिक पुरावा. मूळ नसताना त्याच्या मजकुराबद्दल जे दाखवता येतं तो दुय्यम पुरावा: सरकारी प्रमाणित नक्कल, मुळावरून यंत्रानं काढलेली प्रत म्हणजे आपली झेरॉक्स, मुळाशी ताडून पाहिलेली हाताची नक्कल, आणि ज्यानं मूळ कागद स्वतः पाहिलाय त्यानं तोंडी सांगितलेला मजकूरसुद्धा. नव्या कायद्यात समोरच्यानं दिलेली तोंडी किंवा लेखी कबुलीही यात स्पष्टपणे घातली आहे. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मध्ये प्राथमिक पुरावा कलम ५७ मध्ये आहे, दुय्यम पुरावा कलम ५८ मध्ये. कलम ५९ म्हणतं की दस्त मुळानंच सिद्ध करा. त्याला अपवाद कुठले, ते कलम ६० मध्ये. तुमचं सगळं भांडण त्या कलम ६० मध्ये बसवायचं असतं.

इथं एक गोष्ट बघून घ्या. हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू झाला. तुमचा दावा त्याआधीच कोर्टात चालू असेल, तर त्याला १८७२ चाच जुना पुरावा कायदा लागतो. मग अर्जात कलम ६० नाही, जुनं कलम ६५ लिहायचं. नोटिशीला कलम ६४ नाही, जुनं कलम ६६. आपल्याकडं दावे किती वर्षं चालतात हे सांगायला नको, त्यामुळं अजून बरीच वर्षं टेबलावर दोन्ही पुस्तकं ठेवावी लागणार. कलम चुकलं म्हणून हक्क बुडत नाही, पण तारीख जाते. आणि तारीख म्हणजे एसटीचं भाडं, बुडालेला रोज आणि वकिलांची फी.

पहिला प्रश्न: मूळ कुणाकडं आहे?

पक्षकार आला की आमचे वकीलसाहेब कागद बघण्याआधी हाच प्रश्न विचारतात. उत्तरं साधारण तीन निघतात: समोरच्याकडं आहे, हरवलं किंवा नष्ट झालं, नाहीतर सरकारी दप्तरात आहे. तिन्हींचे रस्ते वेगळे. एकाच अर्जात ‘समोरच्याकडं आहे किंवा हरवलं असावं’ असं दोन्ही लिहून मोकळे होणारे लोक आहेत. असं करू नका. नक्की काय झालं हे तुम्हालाच माहीत नाही, एवढंच त्यातून कोर्टाला कळतं.

*समोरच्याकडं आहे.* आमच्या भागात हे वाटणीच्या भांडणात हमखास. वडील असताना भावांमध्ये वाटण्या झाल्या, नंतर कुणीतरी त्याची याद, म्हणजे झालेल्या वाटणीची लेखी नोंद, लिहिली, सगळ्यांनी सह्या-अंगठे केले, आणि कागद थोरल्याकडं राहिला. धाकट्यानं तेव्हाच झेरॉक्स काढून ठेवली. आता थोरला म्हणतो, वाटणी झालीच नाही.

अशा वेळी आधी नोटीस. कलम ६४ प्रमाणं, मूळ ज्याच्या ताब्यात आहे त्याला किंवा त्याच्या वकिलाला ते हजर करायला सांगायचं. भाषेत सजावट नको. आमच्या नोटिशीचा गाभा असा असतो:

‘दाव्यातील मिळकतीच्या वाटणीची याद, दिनांक अमुक, हिची मूळ प्रत आपल्या अशिलांच्या ताब्यात आहे. ती नेमलेल्या पुढील तारखेस मे. कोर्टात हजर करावी. हजर न केल्यास वादी सदर यादीच्या मजकुराबाबत दुय्यम पुरावा देतील.’

कागदाचं वर्णन इतकं नेमकं करा की ‘कुठला कागद म्हणता ते कळलं नाही’ असं म्हणायला जागा राहू नये: तारीख, किती पानं, बाँडवर की कोऱ्या कागदावर, सह्या कुणाच्या, लिहिणारा कोण. नोटीस पोचल्याची पावती फायलीला लावा. कोर्टातच वकिलांना प्रत दिली असेल तर त्यांची पोच सही घ्या.

थोरल्यानं नोटीस घेऊनही कागद आणला नाही, की तुमचा दरवाजा उघडला. वर त्याचंही नुकसान होतं: नोटीस मिळून कागद दडवला आणि पुढं आपल्या सोयीच्या वेळी तोच मूळ कागद बाहेर काढून पुरावा म्हणून वापरायचा म्हटलं, तर तुमच्या संमतीशिवाय किंवा कोर्टाच्या हुकुमाशिवाय त्याला ते करता येत नाही. कलम १६७ वाचा. हे कलम वकीलसुद्धा कमी वापरतात, असं माझं मत आहे. काही वेळा नोटिशीची गरजच नसते, उदाहरणार्थ त्यानं कागद फसवून किंवा जबरदस्तीनं नेला असेल, किंवा हरवल्याचं स्वतः कबूल केलं असेल तर. तरीही मी म्हणतो, नोटीस द्या. पोस्टाच्या खर्चात होणारं काम उगाच वादात का सोडायचं?

मूळ तिसऱ्याच माणसाकडं असेल, आणि कायद्यानं ते आणायला तो बांधलेला असेल, तरी हाच रस्ता. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाली काढलेलं एक प्रकरण यासाठी लक्षात ठेवण्याजोगं आहे. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाकडून ते वर आलं होतं. मूळ मृत्युपत्र नोंद घेण्यासाठी महसुली कर्मचाऱ्याकडं दिलेलं, आणि नंतर ते त्यांच्याकडून मिळेना. खालच्या कोर्टांनी दुय्यम पुरावा नाकारला होता. सर्वोच्च न्यायालयानं द्यायला परवानगी दिली. मात्र हेही बजावलं की परवानगी म्हणजे मृत्युपत्र सिद्ध झालं असं नव्हे, ते पुढं कायद्याप्रमाणं सिद्ध करायचंच आहे. फेरफारासाठी तलाठ्याकडं मूळ कागद देऊन येणारे आपल्याकडं कमी नाहीत. मूळ देऊ नका. द्यावंच लागलं तर आवक नंबर आणि शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय सज्जाची पायरी उतरू नका.

*हरवलं, जळलं, वाहून गेलं.* इथं लोक सगळ्यात जास्त घसरतात. ‘गहाळ झालं आहे’ एवढं एक वाक्य शपथपत्रात टाकतात आणि निश्चिंत होतात. उलटतपासात मग हे असं होतं:

‘मूळ कागद कुठं ठेवला होता?’
‘ट्रंकेत.’
‘ट्रंक कुठं आहे?’
‘घरी.’
‘उघडून पाहिली?’
‘...’
‘शेवटची कधी उघडली?’
‘दिवाळीला, लुगडी काढायला.’

माणूस खोटं बोलत नसतो. त्यानं कागद खरंच शोधलेला नसतो. कायद्यात शब्द आहेत की मूळ न येण्याचं कारण तुमच्या स्वतःच्या चुकीतून किंवा हयगयीतून आलेलं नसावं. म्हणून शोध खरा घ्या आणि तो शपथपत्रात मांडा: कागद कुणाच्या ताब्यात होता, कुठं ठेवायचा, शेवटचा कुणी कधी पाहिला, नाहीसा झाल्याचं कधी कळलं, मग कुठं कुठं शोधला, कुणाकुणाला विचारलं. पोलिसांत गहाळ झाल्याची नोंद करा. राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावरही ती होते. स्थानिक पेपरात जाहीर नोटीस देतात. तीही बरी, पण कायद्यानं सक्तीची नाही, आणि नुसत्या पेपरच्या कात्रणानं शोध सिद्ध होत नाही. दावा लावायच्या आदल्या आठवड्यात केलेली पोलीस नोंद समोरचा वकील फार आवडीनं वाचून दाखवतो, त्यामुळं कागद नाहीसा झाल्याचं कळलं की त्याच वेळी नोंद करा.

आपत्तीत गेलं असेल तर आपत्तीचा पुरावा जोडा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या कित्येक घरांचे कागद मातीखाली गेले. तिथल्या माणसानं ‘भूकंपात गेले’ म्हटलं की सगळे मान हलवतात, पण फायलीला काहीतरी लागतं: घर पडल्याच्या पंचनाम्याची नक्कल, पुनर्वसनात मिळालेल्या घराचा कागद, गाव बाधित यादीत असल्याची नोंद. २०२५ च्या सप्टेंबरात पाणी घरात शिरलं त्यांनाही हेच सांगतो. तलाठ्यानं केलेला घराच्या नुकसानीचा पंचनामा अनुदान जमा झालं म्हणून टाकून देऊ नका. त्यात ‘घरातील कागदपत्रे भिजून खराब झाली’ अशी ओळ असेल तर ती पुढं फार कामाला येते.

*सरकारी दप्तरात आहे.* हा रस्ता सोपा. तरी यात एक घोळ नेहमीचा. सरकारी अभिलेखाची झेरॉक्स काढून, तिच्यावर एखाद्या राजपत्रित अधिकाऱ्याचा ‘सत्यप्रत’ शिक्का मारून आणतात. नोकरीच्या अर्जाला ती चालते, इथं नाही. सार्वजनिक दस्ताला प्रमाणित नक्कलच लागते, दुसरा कुठलाही दुय्यम पुरावा चालत नाही. ज्याच्या ताब्यात मूळ आहे त्याच कार्यालयानं, फी घेऊन, शेवटी ‘खरी नक्कल’ असा दाखला लिहून, अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा, सही, तारीख आणि शिक्का घालून दिलेली असली पाहिजे. खिडकीतून हलण्याआधी या गोष्टी एकेक करून बघा. तारीख घालायची राहिलेली नक्कल घेऊन परत जाणं म्हणजे पुन्हा तोच अर्ज.

नोंदणी झालेलं खरेदीखत हरवलं असेल तर घाबरायचं कारण नाही. दुय्यम निबंधकांकडं नकलेचा अर्ज द्या. दस्त क्रमांक आणि वर्ष माहीत नसेल तर सूचीत नाव किंवा गट नंबरावरून शोध घ्यावा लागतो. नोंदणी कायद्याच्या कलम ५७ प्रमाणं दिलेली नक्कल मुळाच्या मजकुरासाठी पुराव्यात येते. सही आपली नाहीच, असं समोरचा म्हणाला तर मात्र साक्षीदार उभा करावा लागेल.

निजामाच्या काळचे कागद

याबद्दल जरा जास्त लिहितो, कारण पुण्या-मुंबईच्या वकिलांनी लिहिलेल्या माहितीत हे सापडत नाही. आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात. दप्तर उर्दूत, खासगी व्यवहार बरेचसे मोडीत, वर्षं फसलीत, म्हणजे तेव्हाच्या महसुली सालात. नकलेच्या अर्जात इसवी सन लिहिलं तर रेकॉर्डवाला बस्ता शोधणार कसा? हैदराबादच्या फसली सालात ५९० मिळवा: १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. साल ऑक्टोबरात बदलायचं, म्हणून शेजारचं सालही अर्जात घाला. १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक तहसीलच्या किंवा भूमी अभिलेखच्या रेकॉर्डला मागायचं. कुणबी नोंदी शोधायला २०२३ मध्ये शिंदे समिती नेमली गेली, तेव्हापासून या खोल्यांचे दरवाजे पुष्कळ उघडले आणि बस्तेही जरा हलले. काही जुनं दफ्तर हैदराबादच्या राज्य अभिलेखागारात आहे, तेही ध्यानात असू द्या.

उर्दू किंवा मोडी कागदाला मराठी भाषांतर जोडावं लागतं. ओळखीच्या गुरुजींनी वहीच्या पानावर लिहून दिलेलं भाषांतर समोरच्यानं मान्य केलं तर निभावतं. नाकारलं तर भाषांतर करणाऱ्याला साक्षीला यावं लागतं. म्हणून असा माणूस निवडा जो पिंजऱ्यात उभा राहील, आपण मोडी कुठं शिकलो हे सांगेल आणि उलटतपासात बिचकणार नाही.

तीस वर्षांच्या कागदाबद्दल गावोगाव एक गैरसमज आहे. ‘तीस वर्षं झाली की कागद आपोआप खरा.’ तसं नाही. कलम ९२ असं सांगतं की तीस वर्षांचा कागद योग्य माणसाच्या ताब्यातून आला, तर सही-अक्षर ज्याचं दिसतं त्याचंच आहे असं कोर्ट गृहीत धरू शकतं. धरेलच असं नाही. आणि ही सवलत मूळ कागदाला आहे. १९८० च्या इसार पावतीची परवा काढलेली झेरॉक्स तीस वर्षांची होत नाही.

झेरॉक्स मुळावरूनच निघाली, हे कोण सांगणार?

मूळ का नाही, याचा निकाल लागल्यावर दुसरी पायरी. ही प्रत मुळाबरहुकूम आहे हे सांगणारा माणूस लागतो: ज्यानं दुकानात उभं राहून झेरॉक्स काढली तो, किंवा ज्यानं दोन्ही शेजारी ठेवून वाचली तो. झेरॉक्सवरून काढलेली झेरॉक्स नंतर मुळाशी ताडलेली नसेल तर तिचा उपयोग नाही. झेरॉक्स जुनी होऊन फिकी पडली म्हणून लोक तिच्यावरून नवी, ठळक काढून आणतात आणि जुनी टाकून देतात. फिकी तीच ठेवा.

नोटरीच्या शिक्क्यावर अनेकांचा फार भरवसा. नोटरीनं ‘मुळाशी ताडून पाहिली’ असं लिहिलं असेल तर थोडी मदत होते, पण मूळ कुठं आहे या प्रश्नाचं उत्तर त्या शिक्क्यात नसतं.

मोबाइलमधला फोटो हा वेगळा प्रकार. इसार पावतीचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर ठेवलेला असतो, मूळ इस्टेट एजंटाकडं. हा इलेक्ट्रॉनिक अभिलेख झाला, त्याची प्रिंट दाखल करताना कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. कायद्याच्या अनुसूचीत त्याचा नमुना दिला आहे, दोन भागांत: भाग अ मोबाइल ज्याच्या ताब्यात त्यानं भरायचा, भाग ब तज्ज्ञानं. त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे त्या फाइलची अंक-अक्षरांतली ओळखखूण, लिहावं लागतं. फोटो ज्या मोबाइलमध्ये आहे तो विकू नका, फॉरमॅट मारू नका. आणि प्रमाणपत्र मिळालं तरी मूळ का नाही हे सांगायचं काम उरतंच.

अर्ज देण्याआधी बाँड बघा

कलम ६० ची सगळी तयारी झाली आणि कागद मुद्रांकावर अडला, असं पुष्कळदा होतं. मूळ कागदाला लागणारं मुद्रांक शुल्क कमी भरलेलं असेल तर मूळ हाती असताना कमी पडलेलं शुल्क आणि दंड भरून तो पुराव्यात घेता येतो. त्याच्या झेरॉक्सला ही सोय नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९७१ मध्येच हे स्पष्ट केलं आहे. शंभराच्या बाँडवर लाखांचे सौदे लिहिणाऱ्यांना हे आधी कुणी सांगत नाही. तसंच ज्या कागदाची नोंदणी सक्तीची होती आणि झाली नाही, तो दुय्यम पुराव्याच्या दारानं आणला म्हणून नोंदणीकृत होत नाही. वाटणीच्या यादीत ‘आज वाटणी करत आहोत’ लिहिलंय की ‘पूर्वी झालेल्या वाटणीची ही याद’ लिहिलंय, यावर बरंच अवलंबून असतं. ती ओळ वकिलांना पहिल्याच भेटीत वाचून दाखवा.

अर्ज आणि साक्ष

मुंबई उच्च न्यायालयानं २०१७ मध्ये म्हटलं आहे की दुय्यम पुराव्यासाठी परवानगीचा वेगळा अर्ज द्यावाच, असं कायद्यात कुठं नाही. पाया, म्हणजे मूळ का नाही याचा पुरावा, साक्षीतच घालता येतो. तरी तालुक्याच्या कोर्टांत अर्ज देण्याचा रिवाज आहे, आणि मलाही तो बरा वाटतो. हुकूम लेखी मिळतो, पुढं अपिलात बोट ठेवायला जागा राहते. अर्जात कलम ६० चं नेमकं पोटकलम लिहा: समोरच्याकडं असेल तर अ, हरवलं असेल तर क. सोबत शपथपत्र, नोटीस, पोच, शोधाचे कागद. अर्ज मंजूर झाला तरी सरतपासाच्या, म्हणजे तुमच्या स्वतःच्या साक्षीच्या, शपथपत्रात सगळी हकिकत पुन्हा यायला हवी, कारण अर्जासोबतचं शपथपत्र म्हणजे साक्ष नव्हे. इथं बरेच कारकून अर्जाचा मजकूर गाळून टाकतात.

मृत्युपत्र असेल तर त्यावर सही करणाऱ्या साक्षीदारांपैकी निदान एक जण, हयात असेल आणि येऊ शकत असेल तर, आणावाच लागतो. मूळ असो की नक्कल, त्यातून सुटका नाही.

झेरॉक्सला निशाणी क्रमांक मिळाला की पक्षकार पेढे वाटायच्या तयारीत असतात. निशाणी म्हणजे कागद वाचायला घेतला, एवढंच. त्यातला मजकूर खरा का, सही कुणाची, हे वेगळं सिद्ध करायचं असतं. तुम्ही दुसऱ्या बाजूला असाल तर मात्र निशाणी पडत असतानाच ‘मूळ नाही, पाया घातलेला नाही’ ही हरकत नोंदवून घ्या आणि ती लिहून घेतली गेली का ते पाहा. सिद्ध करण्याच्या पद्धतीवरची हरकत तेव्हा घेतली नाही तर अपिलात ती बहुतेक ऐकून घेत नाहीत.

अर्ज नामंजूर झाला तर हुकमाची प्रमाणित नक्कल त्याच दिवशी मागा. का नामंजूर झाला ते वाचा. पाया अपुरा म्हणून झाला असेल, तर राहिलेला साक्षीदार आणता येतो का, हे वकिलांना विचारा. कायद्याच्या मुद्द्यावर झाला असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात रिट करायची का, ते ठरवा. आणि ते ठरेपर्यंत साक्षीपुरावा बंद केल्याची पुरसीस, म्हणजे कोर्टाला तसं लेखी निवेदन, देऊ नका.